सायडरसाठी पंप: विहिरीवरची मोटर नको

सायडर म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेलं मद्य; ते एका टाकीतून दुसऱ्या टाकीत न्यायला पंप लागतो. सफरचंदाचा रस आंबट असतो. बिडाच्या पंपातून गेला की त्यात लोखंड उतरतं, रंग काळवंडतो, चवही बिघडते. म्हणून मळ्यातली पाण्याची मोटर सायडरला लावूच नका. उत्पादन शुल्काचा परवाना हातात आहे, असं धरून सांगतो: नाशिकला वायनरींना सामान पुरवणाऱ्यांकडे स्टेनलेस स्टीलचा, फूडग्रेड रबरी इम्पेलरचा (रस ढकलणाऱ्या, पाती असलेल्या फिरत्या चाकाचा) पंप मागा. तो स्वतःच रस ओढतो. कोरडा चालला मात्र की रबरी पाती बघता बघता जळतात, त्यामुळे टाकी संपत आली की हात स्विचवर हवा. तेवढं लक्ष देणं जमणार नसेल तर डायफ्राम पंप (पात्यांऐवजी लवचीक पडदा हलवून रस ढकलणारा) बरा.

पंप टाकीला खेटून, तळाच्या पातळीला ठेवा. ओढीचा पाइप आखूड आणि जाड घ्या. क्लॅम्प सैल असला तर पारदर्शक पाइपात बुडबुडे धावताना दिसतात. लगेच थांबवा आणि आवळा. दुसऱ्या टाकीत पाइपचं तोंड तळाला टेकवा. वरून धार सोडलीत तर हवा मिसळते, आणि मग सायडरचं व्हिनेगर व्हायला फार वेळ लागत नाही. धुऊन झाल्यावर इम्पेलर काढून ठेवा, नाहीतर पाती वाकलेलीच राहतात.