जुने टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन : या चुका टाळा

होडीच्या मागच्या बाजूला बाहेरून बसवलेले जुने टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन ऐन पाण्यात बंद पडले की दोष त्याच्या वयावर ढकलून लोक मोकळे होतात. वास्तविक या इंजिनाची रचना फारच सुटसुटीत असते. त्यात कॅमशाफ्ट नसतो आणि तळाशी वंगणतेलाचा साठाही नसतो. पेट्रोलबरोबर येणारे तेलच क्रँकशाफ्टची बेअरिंग आणि पिस्टन यांना वंगण पुरवते. म्हणजेच ज्या कारणाने सिलिंडरला पेट्रोल कमी पडते, त्याच कारणाने त्याचे वंगणही तुटते. अशी इंजिने म्हातारपणाने क्वचितच मरतात. ती मरतात पातळ मिश्रणाने, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडल्याने, आणि उष्णतेने.

तेलाचे प्रमाण अंदाजाने ठरवणे ही सर्वांत जुनी चूक आहे. ५०:१ म्हणजे दर लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल आणि २५:१ म्हणजे ४० मिलिलिटर. आपल्या इंजिनाला यांपैकी कोणते लागते, की आणखी वेगळे, हे त्याच मॉडेलच्या पुस्तिकेत पाहावे. जास्त तेल घातल्याने इंजिन अधिक सुरक्षित राहते, हा समज अर्धाच खरा आहे, कारण वाढीव तेलामुळे प्लग काळे पडतात आणि कार्बन साचून पिस्टनच्या रिंगा खाचेत अडकतात. तेलाच्या डब्यावर टीसी-डब्ल्यू३ हे मानक लिहिलेले असावे. हवेने थंड होणाऱ्या मोटारसायकलींसाठीचे टू-स्ट्रोक तेल पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात वापरू नये. त्यातील धातुयुक्त घटकांची राख ज्वलनकक्षात साठत जाते.

इंजिन सुरू होते, काही मिनिटे उत्तम चालते आणि मग दम टाकते, ही तक्रार नेहमीचीच. अशा वेळी कार्ब्युरेटर उघडण्याआधी टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू सैल केला आहे का, हे बघावे. तो बंद राहिला तर टाकीत निर्वात तयार होऊन पेट्रोल पुढे सरकत नाही. तो उघडा असेल, तर इंजिन मंदावू लागताच प्रायमर बल्ब, म्हणजे पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा, हाताने दाबत राहावे. त्याने इंजिन सावरले, तर इंजिनातल्या पेट्रोल पंपाचा पडदा कमजोर झाला आहे किंवा नळीच्या एखाद्या जोडातून हवा आत शिरते आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोलामुळे जुन्या नळ्यांचा आतला थर सुटून वाट अडवतो आणि बाहेरून नळी मात्र धडधाकट दिसते, म्हणून जुन्या नळ्या शंका येण्याची वाट न पाहता बदलाव्यात.

मंद गतीवर इंजिन कार्ब्युरेटरमधून ‘फट्’ असा आवाज काढत शिंकल्यासारखे करत असेल, तर मिश्रण पातळ झाल्याची ती खूण समजावी. अनेक कार्ब्युरेटरांच्या इंजिनात हा धोका अधिक फसवा असतो : एकाच जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्रात, घाण बसली तरी उरलेले सिलिंडर होडी ओढत राहतात, मालकाला फक्त वेग थोडा कमी जाणवतो, आणि तेवढ्या वेळात उपाशी सिलिंडरचा पिस्टन ओरखडून निघतो. जेट साफ करताना तार खुपसणेही टाळावे, कारण पितळेचे ते छिद्र तारेने मोठे होते आणि मूळ माप कायमचे बिघडते. द्रावक आणि दाबाची हवा एवढे पुरते.

थंडाव्याच्या बाबतीत दुर्लक्ष होते ते इम्पेलरकडे. इंजिनाला थंड ठेवणारे पाणी वर ढकलणाऱ्या रबराच्या या छोट्या चक्राची पाती पंपाच्या पेल्यात सतत वाकलेली असतात. महिनोन्‌महिने इंजिन पडून राहिले की ती तशीच वाकडी आणि कडक होतात. पाण्याबाहेर, नुसता आवाज ऐकण्यासाठी इंजिन क्षणभर सुरू करण्याची सवय तर थेट त्याच्या मुळावर येते, कारण कोरड्या घर्षणाने पाती काही सेकंदांत खराब होऊ लागतात. मागून येणारी पाण्याची धार बारीक झाली, तर इंजिन बंद करून आधी धारेच्या छिद्रातून मासेमारीची जाड तंगूस फिरवावी, कारण पुष्कळदा तिथे मिठाचा खडाच अडकलेला असतो. पंप उघडल्यावर एखादे पाते तुटलेले आढळले, तर नवा इम्पेलर बसवून काम संपत नाही. तुटलेला तुकडा वरच्या जलमार्गात शोधून काढावाच लागतो.

इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप) काढून फेकण्याचा सल्ला मला पटत नाही. त्याने मंद गतीवर इंजिन गरजेपेक्षा थंड चालते, प्लग ओले होतात आणि खरे कारण झाकले जाते.

नवे भाग विकत घेण्यापूर्वी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजावे. सर्व प्लग काढून, त्यांच्या तारा इंजिनाच्या धातूला जोडून आणि थ्रॉटल पूर्ण उघडून प्रत्येक सिलिंडरचा आकडा घ्यावा. तारा तशाच लोंबत ठेवल्या तर इलेक्ट्रॉनिक इग्निशनला इजा होऊ शकते. आकड्याइतकाच सिलिंडरांच्या आकड्यांमधील फरकही महत्त्वाचा आहे. तो साधारण १० ते १५ टक्क्यांच्या पलीकडे गेला, तर दोष सिलिंडरच्या आतच असण्याची शक्यता असते, म्हणून कार्ब्युरेटरवरचा खर्च तूर्त थांबवावा.

गिअरकेसचे, म्हणजे पंख्याजवळच्या गिअरच्या पेटीचे, तेल दुधाळ दिसले की सीलमधून पाणी शिरले असे समजावे. पंखा काढून शाफ्टभोवती मासेमारीची दोरी गुंडाळली आहे का, हे पाहावे. ती सील कापते. नवे तेल खालच्या छिद्रातून, वरच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत भरावे, म्हणजे आत हवा अडकत नाही, आणि दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे घालावेत. जॉन्सन आणि एव्हिनरूड यांच्या अनेक जुन्या गिअरकेसवर तेलाच्या स्क्रूजवळच अधिक चिन्हाच्या खाचेचा आणखी एक स्क्रू असतो. तो गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा आधार आहे; घाईत तोच काढला, तर आतला भाग निसटतो आणि पूर्ण गिअरकेस उघडण्याची वेळ येते.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर इंजिन गोड्या पाण्याने धुवावे आणि अॅनोडवर, म्हणजे इतर भागांऐवजी स्वतः झिजणाऱ्या धातूच्या तुकड्यावर, रंग चढवू नये, रंगवलेला अॅनोड झिजत नाही आणि मग गिअरकेस झिजते. होडीवरून उतरवलेले इंजिन नेताना किंवा आडवे ठेवताना वरचा भाग गिअरकेसपेक्षा खाली जाऊ देऊ नये, अन्यथा इंजिनाच्या खालच्या भागात उरलेले पाणी एक्झॉस्टच्या वाटेने सिलिंडरपर्यंत पोहोचते.