मांजाने जखमी झालेली घार उपचार केंद्रात नेताना

संक्रांतीच्या आसपास नायलॉन मांजाने पंख कापलेल्या घारी हमखास सापडतात. ती पुन्हा उडेल की नाही, हे बरंचसं केंद्रात पोचण्याआधीच ठरतं.

महाराष्ट्रात वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून जवळचं केंद्र विचारा. घरी ठेवून बरं करू म्हणू नका. कायद्यानुसार वन्य पक्षी ताब्यात आला तर ४८ तासांत कळवावं लागतं.

घारीवर वरून जाड टॉवेल टाका. डोकं झाकलं की ती बरीच शांत होते. टॉवेलसकट पंख अंगाशी मिटवून उचला आणि चोचीपेक्षा नख्या सांभाळा. बगळा किंवा वंचक (तपकिरी रंगाचा छोटा बगळा) असेल तर चष्मा घाला, कारण तो थेट डोळ्यावर चोच मारतो. छाती आवळू नका. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छाती हलली तरच हवा आत जाते.

मांजा ओढून काढू नका, कृपा करून. खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाच्या पुढच्या कडेला कातडीचा पातळ पडदा असतो. मांजा त्यातच रुततो आणि ओढला की पडदा आणखी चिरतो. झाडाकडचा मांजा कात्रीने कापा, पक्ष्याच्या बाजूला चार बोटं टोक राहू द्या. बाकीचं डॉक्टर बघतील.

पुठ्ठ्याचा साधारण ६० सेंमी लांब, ४० सेंमी रुंद खोका घ्या. पेन्सिल जाईल एवढी दहा-बारा भोकं आधीच पाडा, पक्षी आत असताना नाही. तळाशी जुनी सुती चादर घाला, टॉवेलच्या धाग्यांत नख्या अडकतात. तारेचा पिंजरा नकोच. त्यात पिसं मोडतात, आणि मोडलेलं पीस गळून नवीन येईपर्यंत घार महिनोन्‌महिने केंद्रात अडकून पडते.

पाणी, दूध, पाव काहीही भरवू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाजलेलं पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकतं. गाडीत गाणी बंद ठेवा. झाकण उघडून बघू नका.

केंद्रात सापडल्याची नेमकी जागा आणि वेळ लिहून द्या. बरी झाली की तिला शक्यतो त्याच भागात सोडतात, म्हणून नुसतं ‘पुणे’ लिहून भागत नाही. तिला बघायला आत सोडा असा आग्रह धरू नका, माणसांचा वावर तिला ताण देतो. नोंद क्रमांक मागून घ्या आणि पुढची चौकशी फोनवरच करा.