डस्ट कलेक्टरचा पाइप पायातून वर नेला

पुण्यात धायरीतला माझा सुतारकामाचा गाळा लहान. सँडर (लाकूड घासून गुळगुळीत करायचं मशीन) फिरवताना डस्ट कलेक्टरचा, म्हणजे भुसा खेचून घेणाऱ्या मशीनचा, पाइप प्लायच्या कोपऱ्याला अडकायचा, सँडरला हिसका बसायचा आणि व्हेनिअरवर (वरच्या पातळ लाकडी थरावर) ओरखडा उठायचा. पायात यायचा ते वेगळंच.

रविवार पेठेतून स्टीलची वायर रोप, टर्नबकल (रोप ताणायचा स्क्रू) आणि छोट्या पुली आणल्या. टेबलाच्या बरोबर वर, दोन भिंतींमध्ये अँकर बोल्ट मारून रोप ताणली. पुलीला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या बांधून त्यात पाइप अडकवला. रबर ताणतं, त्यामुळे सँडर टेबलाच्या टोकापर्यंत जातो आणि सोडला की पाइप आपसूक वर उचलला जातो. सँडरची वायरही पाइपलाच टेपने बांधली.

एक गोष्ट जरूर सांभाळा: पाइपला वळण मोठं, गोलसर द्या. काटकोनात दुमडला की मशीनची हवा खेचायची ओढ कमी होते आणि भुसा तिथेच साचतो. लांबीही गरजेपुरतीच ठेवा, जास्तीच्या प्रत्येक फुटाला ओढ घटते. एमडीएफची (लाकडाच्या तंतूंपासून दाबून केलेल्या बोर्डाची) बारीक धूळ तर थेट फुप्फुसात जाते, तिथे ओढीशी तडजोड नकोच.

थंडीत हवा कोरडी असते, तेव्हा साध्या प्लास्टिक पाइपला हात लावला की स्थिर विजेचा झटका बसतो. नवीन घेताना अँटिस्टॅटिक (अशी वीज साठू न देणारा) पाइपच घ्या.