विंडोज १० वरून लिनक्स मिंटकडे जाताना : मराठीत काम करणाऱ्यांसाठी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट्स थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे अजून उत्तम चालणारे असंख्य संगणक केवळ या अटीत बसत नाहीत म्हणून निकामी ठरू लागले आहेत. असा संगणक भंगारात देण्याऐवजी त्यावर लिनक्स मिंट ही मुक्तस्रोत प्रणाली बसवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. उबुंटू या लोकप्रिय लिनक्स प्रणालीच्या पायावर उभी असलेली मिंट २००६ पासून विकसित होत आहे, ती विनामूल्य आहे आणि तिची मांडणी विंडोजच्या सवयीच्या माणसाला पहिल्या दिवसापासून ओळखीची वाटते. ४ जीबी रॅम असली तरी ती चालते. संगणक जुना असेल तर तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी.

प्रणाली बदलण्याआधी प्रोग्राम बदलावेत, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. लेखन व हिशेबासाठी लिबरऑफिस, ब्राउझर म्हणून फायरफॉक्स, ईमेलसाठी थंडरबर्ड आणि चित्रफितींसाठी व्हीएलसी हे सगळे मिंटप्रमाणेच विंडोजवरही चालतात. काही आठवडे रोजचे काम यांवरच करून पाहावे, म्हणजे कुठे अडते ते जुनी व्यवस्था हाताशी असतानाच कळते. टॅली, पेजमेकर, फोटोशॉप यांसारखे प्रोग्राम केवळ विंडोजसाठी किंवा विंडोज आणि मॅकसाठी बनवलेले आहेत. त्यांच्यावर पोट अवलंबून असेल तर विंडोज काढून न टाकता दोन्ही प्रणाली शेजारी-शेजारी ठेवाव्यात. निविदा किंवा करविषयक कामांसाठी डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन वापरत असाल, तर त्याचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर मिळतो का, हे पुरवठादाराला आधीच विचारावे.

मराठी लेखकांची, मुद्रकांची आणि कार्यालयांची खरी अडचण मात्र वेगळीच असते, आणि तिच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी किंवा डीव्ही-टीटी सुरेख अशा जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. त्या फाइलमध्ये रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात व फाँट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. तो फाँट नव्या प्रणालीवर नसला की वर्षानुवर्षांचा मजकूर निरर्थक चिन्हांची रांग होऊन समोर येतो. म्हणून विंडोज अजून चालू असतानाच अशा प्रत्येक महत्त्वाच्या फाइलची पीडीएफ करून ठेवावी, कारण पीडीएफमध्ये सहसा फाँटही अंतर्भूत होतो आणि मूळ मजकूर कसा होता याचा पुरावा हाती राहतो. त्यानंतर मजकूर फाँट-परिवर्तकाने, म्हणजे जुन्या फाँटमधला मजकूर बदलून देणाऱ्या प्रोग्रामने, युनिकोड या जगभर चालणाऱ्या प्रमाणित अक्षरसंकेतात आणावा आणि पीडीएफ शेजारी ठेवून तो ओळीने तपासावा. रफार, ऱ्हस्व वेलांटी, ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’, तसेच ‘ॲ’ या जागी परिवर्तक हमखास चुकतात. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण एकदा युनिकोडमध्ये आलेला मजकूर कोणत्याही प्रणालीवर वाचता व शोधता येतो, त्यामुळे प्रणाली बदलायची नसली तरीही ते करण्यासारखे आहे.

यानंतर सर्व फाइली, ब्राउझरमधील बुकमार्क आणि पासवर्ड यांची प्रत बाहेरील हार्डडिस्कवर घ्यावी आणि तिच्यातील काही फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी. विंडोजही ठेवायची असेल तर तिची ‘फास्ट स्टार्टअप’ ही झटपट सुरू होण्याची सोय बंद करावी, नाहीतर विंडोजचे विभाग अर्धवट बंद अवस्थेत राहतात आणि लिनक्सला त्यांवर लिहिता येत नाही.

मिंटची आयएसओ फाइल (संपूर्ण प्रणाली सामावलेली एकच फाइल) तिच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी, फाइल अखंड उतरली की नाही हे कळण्यासाठी तिचा एसएचए-२५६ हा पडताळणी-संकेत तिथे दिलेल्या संकेताशी जुळवावा आणि बलेना एचर किंवा रूफस या प्रोग्रामच्या साहाय्याने ती ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर लिहावी. संगणक सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप यांपैकी आपल्या कंपनीच्या संगणकाला लागू असलेली कळ दाबून पेनड्राइव्ह निवडला की हार्डडिस्कला हात न लावता मिंट सुरू होते. ही सोय घाईघाईने ओलांडू नये. वाय-फाय, आवाज, प्रिंटर, कॅमेरा आणि लॅपटॉप मिटवून उघडल्यावर तो जागा होतो की नाही, हे सारे इथेच तपासावे.

समाधान झाले की पडद्यावरील स्थापनेचे चिन्ह उघडावे. ‘विंडोजच्या सोबत’ आणि ‘डिस्क पुसून’ हे दोन पर्याय नीट वाचूनच पुढे जावे, कारण दुसऱ्या पर्यायाने डिस्कवरचे सर्व काही जाते. बाकीचे प्रश्न सोपे आहेत.

नव्या प्रणालीत प्रथम अपडेट मॅनेजर चालवावा आणि ड्रायव्हर मॅनेजरमध्ये काही सुचवले आहे का ते पाहावे. मग कीबोर्डच्या सेटिंगमधील ‘लेआउट’ विभागात मराठी जोडावे. इनस्क्रिप्ट ही भारतीय लिपींसाठीची कीबोर्डची प्रमाणित मांडणी असल्याने विंडोजवर तिचा सराव असलेल्यांना काही नवे शिकावे लागत नाही. लिबरऑफिसमध्ये फाँट बदलूनही देवनागरी अक्षरे बदलत नाहीत, असा अनुभव अनेकांना येतो. त्याचे कारण असे की तिथे पाश्चात्त्य लिपी आणि देवनागरीसारख्या जटिल लिपी यांचे फाँट स्वतंत्रपणे ठरतात. पर्यायांतील भाषा-विभागात जटिल लिपींची सोय चालू करून भाषा मराठी निवडावी आणि मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारखा युनिकोड फाँट जटिल लिपींच्या फाँटच्या रकान्यात ठरवावा.

शेवटी टाइमशिफ्ट हा मिंटमधला प्रोग्राम उघडून प्रणालीचे पहिले स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घ्यावे, म्हणजे एखाद्या अपडेटने बिघाड केल्यास आधीच्या स्थितीत परत जाता येते. टाइमशिफ्ट मूळ मांडणीत केवळ प्रणालीच्या फाइली जपते, तुमचे लेखन आणि छायाचित्रे जपत नाही. त्यांची प्रत बाहेरील डिस्कवर घेण्याचा नेम पूर्वीसारखाच चालू ठेवावा.