चार अक्षरांत माणूस मावत नाही: अनोळखी व्यक्तीला ओळखताना या चुका टाळा

आमच्या ऑफिसात एकदा प्रशिक्षणाच्या नावाखाली सगळ्यांना स्वभावचाचणी द्यायला लावली. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या टेबलावर चार अक्षरांची पाटी आली. नव्यानेच रुजू झालेल्या एका मुलाच्या पाटीवर पहिलं अक्षर ‘आय’ होतं, म्हणजे इंट्रोव्हर्ट, अंतर्मुख. झालं! याला एकटं राहायला आवडतं असं आम्ही परस्पर ठरवलं आणि चहाला हाक मारणं बंद केलं. सात-आठ महिन्यांनी कळलं की तो छत्तीसगडहून आलेला. मराठी समजायचं, पण बोलताना चुकेन म्हणून गप्प बसायचा. आपल्याला कुणी बोलावत का नाही, हे कोडं त्याला शेवटपर्यंत सुटलं नव्हतं.

ही पहिली चूक, आणि बाकीच्या बहुतेक हिच्याच पोटातून निघतात: पाटी वाचली की माणूस वाचून झाला असं वाटणं.

ती चाचणी म्हणजे एमबीटीआय, अर्थात मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर. तिचं मूळ स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्या 1921 सालच्या मांडणीत आहे. त्यावर कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी अंतर्मुख-बहिर्मुख अशा चार जोड्या आणि त्यांतून सोळा प्रकार उभे केले; प्रत्येक जोडीतलं एक अक्षर आपल्या पाटीवर येतं. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. तरी माझा आक्षेप त्यावर नाही, रेघेवर आहे. समजा, साडेपाच फुटांवर रेघ मारली आणि वरचे सगळे ‘उंच’, खालचे सगळे ‘बुटके’ म्हटले, तर अर्ध्या इंचाच्या फरकाने दोन सख्खे भाऊ दोन वेगळ्या जातींचे ठरतील. स्वभावाचंही तेच. बहुतेक माणसं मधेच कुठेतरी असतात. म्हणून तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली की अनेकांचं एखादं अक्षर बदलतं.

संशोधक आज जास्त करून पाच गुणांची मोजपट्टी वापरतात: नावीन्याची ओढ, शिस्त, बहिर्मुखता, जुळवून घेण्याची वृत्ती आणि भावनिक अस्थिरता. तिची मुळं शब्दकोशात आहेत. 1936 मध्ये ऑलपोर्ट आणि ओडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी माणसाचं वर्णन करणारे जवळजवळ 18,000 इंग्रजी शब्द गोळा केले होते. या मोजपट्टीत कप्पे नाहीत, कमी-जास्त आहे. आपल्याकडे समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं सांगितली तीही अशीच. ती वाचताना दोन शेजाऱ्याची निघतात, चार स्वतःची.

‘अगदी माझंच वर्णन!’ या आनंदापासूनही जरा सांभाळा. 1948 मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी आपल्या 39 विद्यार्थ्यांना चाचणी दिली आणि प्रत्येकाच्या हाती ‘खास त्याचा’ अहवाल ठेवला. विद्यार्थ्यांनी अहवालाच्या अचूकपणाला पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. अहवाल सगळ्यांचा एकच होता, आणि त्यातली वाक्यं भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. यावर घरच्या घरी उपाय आहे. आपल्या प्रकाराचं वर्णन बाजूला ठेवा आणि अगदी उलट प्रकाराचं मोठ्याने वाचा. तेही निम्मंअधिक लागू पडलं, तर काय ते समजा.

आता चाचणी सोडा. लोकलमध्ये तर आपण चाचणीशिवायच निकाल लावतो. चौथ्या सीटसाठी कुणी धक्का दिला की तो ‘उर्मट’. आपण दिला तर ‘आज फार उशीर झाला होता हो’. दुसऱ्याच्या वागण्याचं खापर त्याच्या स्वभावावर आणि आपल्या वागण्याचं परिस्थितीवर! या खोडीच्या पहिल्या भागाला मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी 1977 मध्ये नाव दिलं: मूलभूत आरोपण-दोष. ‘स्वभावाला औषध नाही’ असं आपण ज्याच्याबद्दल म्हणतो, त्याला कदाचित त्या दिवशी फक्त डोकेदुखीची गोळी हवी असते.

पाटी स्वतःच्या गळ्यात अडकवली की आणखी पंचाईत. ‘मी इंट्रोव्हर्ट, मला अनोळखी लोकांशी बोलणं झेपत नाही.’ निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर या संशोधकांनी शिकागोच्या लोकल आणि बसमध्ये हे तपासलं. अभ्यास 2014 मध्ये छापून आला. काही प्रवाशांना शेजाऱ्याशी बोलायला सांगितलं, काहींना एकटं बसायला, काहींना रोजच्यासारखं वागायला. प्रवास सगळ्यात चांगला झाला तो बोलणाऱ्यांचा. गंमत म्हणजे नुसता अंदाज विचारलेल्या लोकांनी नेमकं उलट सांगितलं होतं. अबोल स्वभावाच्या लोकांचा अनुभवही फारसा वेगळा निघाला नाही. 2018 मधल्या दुसऱ्या एका संशोधनात दिसलं की पहिल्या भेटीनंतर समोरच्याला आपण जितके आवडलो असू असं आपल्याला वाटतं, त्यापेक्षा जास्त आवडलेले असतो. म्हणजे घरी येऊन ‘मी काय बावळटासारखं बोललो’ म्हणत रात्र घालवणं बहुतेक वेळा फुकट.

पण सुरुवात कशाने करायची? इथे मराठी माणूस हमखास घसरतो. ‘गाव कुठलं?’ इथपर्यंत ठीक. पाठोपाठ ‘आडनाव काय?’ आलं की समोरचा सावध होतो, आणि का ते आपल्याला चांगलं माहीत असतं. ती आपली जुनी स्वभावचाचणी आहे, सोळाऐवजी शेकडो कप्प्यांची. तो प्रश्न सोडूनच द्या. समोर आहे त्यावर बोला: त्याच्या मांडीवरची रोपाची कुंडी, रखडलेली गाडी, डब्यातला वास.

दुसरा प्रश्न पहिल्या उत्तरातून निघू द्या. ‘कुंडीत काय आहे?’ ‘मोगरा.’ ‘फ्लॅटमध्ये फुलतो का हो? आमचा नुसता पानांनीच भरतो.’ इथे तुम्ही स्वतःचंही थोडं दिलंत. नाहीतर विचारपूस आणि उलटतपासणी यांत फरक राहत नाही. उलट टोकही टाळा. ठाण्याला ओळख आणि मुलुंड यायच्या आत घटस्फोटाची कहाणी, असं केलं तर समोरचा भांडुपलाच उतरेल.

दोन प्रश्नांना एकेका शब्दात उत्तर आलं आणि इअरफोन परत कानात गेला, तर थांबा. त्यावरून तो तुसडा ठरत नाही. रात्रपाळी करून आला असेल. उद्या तोच माणूस ‘कुठं उतरणार?’ असं स्वतःहून विचारेल. सीटसाठी विचारेल, पण विचारेल.