व्हर्च्युअल लॅबमध्ये वेब सर्व्हरांसाठी लोड बॅलन्सर कसा उभारावा

एखादा सर्व्हर बंद पडल्यावर वाचकाला त्याचा पत्ताही लागू नये, हे लोड बॅलन्सरचे, म्हणजे आलेल्या विनंत्या अनेक सर्व्हरांमध्ये वाटून देणाऱ्या यंत्रणेचे, खरे काम आहे. विनंत्या आळीपाळीने वाटणे हा त्यातील सोपा भाग असून तो अर्ध्या तासात जमतो. म्हणूनच या लॅबमध्ये उभारणीपेक्षा मोडतोडीला अधिक वेळ राखून ठेवावा, असे माझे मत आहे. व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला संगणक) कितीही वेळा पाडता येते आणि स्नॅपशॉटवरून, म्हणजे जतन केलेल्या स्थितीवरून, पुन्हा पूर्वपदावर आणता येते; चालू यंत्रणेवर ही मोकळीक मिळत नाही.

व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये तीन मशीन लागतील: एक बॅलन्सर आणि दोन वेब सर्व्हर. डेस्कटॉप नसलेला उबुंटू सर्व्हर घेतल्यास प्रत्येकी २ जीबी मेमरी पुरते. प्रत्येक मशीनला दोन नेटवर्क अडॅप्टर द्यावेत. पहिला नॅट प्रकारचा, म्हणजे इंटरनेटवरून पॅकेज उतरवता येतील. दुसरा होस्ट-ओन्ली, ज्यावरून ही मशीन एकमेकांशी आणि तुमच्या संगणकाशी बोलतील. होस्ट-ओन्ली नेटवर्क सहसा १९२.१६८.५६.० या पट्ट्यात असते आणि त्यातील .१ हा पत्ता तुमच्या संगणकाकडे असतो. बॅलन्सरला १९२.१६८.५६.१० आणि वेब सर्व्हरांना .११ व .१२ असे स्थिर पत्ते नेटप्लॅनच्या (उबुंटूच्या नेटवर्क मांडणीच्या) फाइलमध्ये लिहून द्यावेत. व्हर्च्युअलबॉक्सचा डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे मशीनना आपोआप पत्ते देणारी सेवा, मूळ मांडणीत .१०१ पासून पुढचे पत्ते वाटतो, त्यामुळे हे पत्ते त्याच्या आड येत नाहीत.

एक मशीन तयार करून त्याचे क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रती, काढणे सोयीचे असते, मात्र त्यात एक खाच आहे. क्लोन करताना सर्व अडॅप्टरना नवे मॅक पत्ते (नेटवर्क कार्डाचे ओळखक्रमांक) देण्याचा पर्याय निवडला, तरी उबुंटूचा मशीन-आयडी, म्हणजे त्या मशीनचा स्वतःचा ओळखक्रमांक, तोच राहतो. डीएचसीपीकडे पत्ता मागताना उबुंटू याच आयडीवरून आपली ओळख सांगतो, म्हणून दोन क्लोनना एकच पत्ता मिळू शकतो. पहिल्यांदा लॅब उभारताना मी स्थिर पत्ते दिले नव्हते, आणि कधी एक मशीन उत्तर देते, कधी दुसरे, याचे कारण शोधण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. स्थिर पत्ते दिल्याने हा प्रश्न टळतो. तरीही क्लोनमधील ‘ईटीसी’ (etc) फोल्डरातली मशीन-आयडी ही फाइल रिकामी करून मशीन पुन्हा सुरू करावे, म्हणजे नवा आयडी तयार होतो. होस्टनेम, म्हणजे मशीनचे नाव, हेही त्याच वेळी बदलावे.

दोन्ही वेब सर्व्हरांवर एनजिन्एक्स हा पाने पुरवणारा प्रोग्राम बसवून मुखपृष्ठावर एकीकडे ‘सर्व्हर १’ आणि दुसरीकडे ‘सर्व्हर २’ एवढेच लिहावे. पुढे जाण्यापूर्वी दोन्ही पाने थेट त्यांच्या पत्त्यावरून उघडून पाहावीत, कारण इथे राहिलेली चूक नंतर बॅलन्सरच्या माथी मारली जाते.

बॅलन्सरवर एचएप्रॉक्सी हा विनंत्या वाटणारा प्रोग्राम बसवावा. त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलच्या शेवटी दोन भाग जोडावे लागतात. विनंत्या घेणाऱ्या ‘फ्रंटएंड’मध्ये ‘बाइंड’ या शब्दापुढे पोर्ट ८० लिहावा आणि ‘डिफॉल्ट बॅकएंड’ म्हणून पुढच्या भागाचे नाव द्यावे. सर्व्हरांची यादी असलेल्या ‘बॅकएंड’मध्ये ‘बॅलन्स राउंडरॉबिन’ (आळीपाळीने वाटप) ही ओळ आणि मग प्रत्येक वेब सर्व्हरसाठी नाव, पत्ता व पोर्ट असलेली ‘सर्व्हर’ची ओळ येते. या ओळीच्या शेवटी ‘चेक’ हा शब्द विसरू नये; तो नसेल तर एचएप्रॉक्सी सर्व्हरची तब्येत तपासतच नाही आणि मेलेल्या सर्व्हरकडेही विनंत्या पाठवत राहतो. फाइल जतन केल्यावर एचएप्रॉक्सीलाच ती तपासायला लावावी आणि ती निर्दोष ठरल्यावरच सेवा रीलोड करावी.

आता .१० या पत्त्यावर कर्ल ही कमांड वापरून लागोपाठ विनंत्या पाठवल्यास १, २, १, २ अशी उत्तरे यायला हवीत. ही चाचणी ब्राउझरने करू नये. ब्राउझर पानापाठोपाठ फेव्हिकॉन, म्हणजे टॅबवरचे छोटे चिन्ह, हेही मागतो. पान पहिल्या सर्व्हरकडून आणि फेव्हिकॉन दुसऱ्याकडून आल्यावर पुढचे पान पुन्हा पहिल्याकडूनच येते आणि वाटप होतच नाही असा समज होतो.

यानंतर मोडतोड करावी. दर सेकंदाला एक विनंती पाठवणारी कर्लची आवर्तने चालू ठेवून सर्व्हर २ वरील एनजिन्एक्स बंद करावा. एचएप्रॉक्सी मूळ मांडणीत दर २ सेकंदांनी तपासणी करतो, सलग ३ तपासण्या फसल्या की सर्व्हर बाद ठरवतो आणि सलग २ यशस्वी झाल्या की परत घेतो. म्हणजे सुमारे ६ सेकंदांची एक फट राहते, आणि त्या काळात काही विनंत्या रेंगाळतात किंवा ५०३ (सेवा उपलब्ध नाही) हा त्रुटी कोड घेऊन परततात. ‘ऑप्शन रीडिस्पॅच’ ही ओळ जोडून हाच प्रयोग पुन्हा करावा: फसलेली विनंती आता दुसऱ्या सर्व्हरकडे वळवता येते, आणि फरक पडद्यावर दिसतो. मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये होस्ट-ओन्ली अडॅप्टरच्या ‘केबल कनेक्टेड’ या चौकोनातली खूण काढून बघावे. एनजिन्एक्स बंद असतो तेव्हा नकार तत्काळ येतो; केबल तुटल्यावर मात्र काहीच उत्तर येत नाही आणि बॅलन्सर ‘टाइमआउट कनेक्ट’ची मुदत संपेपर्यंत थांबतो. उबुंटूच्या फाइलमध्ये ही मुदत ५००० मिलिसेकंद असते. जवळच्या नेटवर्कसाठी ती मला फार वाटते. १ सेकंद ठेवून पाहावी.

नुसता ‘चेक’ फक्त जोडणी होते का, एवढेच पाहतो. एनजिन्एक्स चालू असूनही ॲप्लिकेशन ५०० हा त्रुटी कोड देत असेल, तर या तपासणीला तो सर्व्हर ठणठणीतच दिसतो. त्यासाठी ‘ऑप्शन एचटीटीपीचेक’ (फाइलमध्ये httpchk) वापरून एखादे ठरावीक पान मागायला सांगावे. उत्तराचा कोड २०० किंवा ३०० च्या घरातला असेल तरच सर्व्हर चांगला मानला जातो. सर्व्हर २ वरच्या त्या पानाचे नाव बदलून बघावे: ४०४ (पान सापडले नाही) मिळू लागते आणि काही सेकंदांत तो सर्व्हर वाटपातून बाहेर पडतो, पण एनजिन्एक्स चालूच असल्यामुळे हातातल्या विनंत्या पूर्ण होतात. दुरुस्तीसाठी सर्व्हर बाजूला काढण्याची ही पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण पानाचे नाव पूर्ववत केले की तो आपोआप परत येतो.