बास गिटार आणि कोकणची हवा: या चुका टाळा

ज्येष्ठात खुंटीला टांगलेली बास गणपतीच्या तालमीसाठी श्रावणात खाली काढली, की तक्रार ठरलेली असते. कुणी म्हणतं तारा वर चढल्यात, कुणी म्हणतं पहिल्या चार फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) नुसती खरखर येते. मग हात थेट ब्रिजकडे जातो आणि तारा जिथे टेकतात त्या सॅडलचे स्क्रू फिरायला लागतात. दोन दिवसांनी तक्रार बदलते, पण जात नाही.

बहुतेक वेळा बास बिघडलेली नसतेच. मानेच्या लाकडाने दमट हवेतलं पाणी घेतलेलं असतं आणि मान हललेली असते. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळात हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर असते आणि गिटारच्या लाकडाला मानवते ४५ ते ५५ टक्के. मान कुठल्या बाजूला वाकेल हे लाकूड, फिंगरबोर्ड आणि पॉलिश यांवर ठरतं. सगळ्या गिटारींना लागू पडेल असा एक नियम नाही. म्हणून आधी माप घ्यायचं आणि मगच पाना हातात धरायचा.

मोजल्याशिवाय ट्रस रॉडला हात लावणं

ट्रस रॉड म्हणजे मानेच्या आत बसवलेली, तिचा बाक कमी-जास्त करणारी सळई. बास सुरात लावा. ई तार (सर्वांत जाड) पहिल्या फ्रेटवर कॅपोने किंवा बोटाने दाबा आणि तीच तार शेवटच्या फ्रेटवरही दाबून धरा. आता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटचा माथा यांच्यात किती फट राहते ते बघा. मोटारसायकलचं टॅपेट बसवताना मेकॅनिक जो फीलर गेज वापरतो, तोच इथे चालतो. त्यासाठी मुंबईहून काही मागवायला नको. ३४ इंची (नेहमीच्या मापाच्या) बाससाठी ०.३० ते ०.३५ मिलिमीटर ही सुरुवातीला चांगली फट. गेज नसेल तर जाडसर व्हिजिटिंग कार्ड अंदाजाला पुरतं.

फट जास्त असेल तर ट्रस रॉडचा नट समोरून बघत घड्याळाच्या काट्याच्या दिशेने घट्ट करायचा. फट नसेलच, तार फ्रेटना टेकलेली असेल, तर उलट दिशेने सैल करायचा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. नंतर तारा पुन्हा सुरात आणून पुन्हा माप. लाकूड सावकाश बसतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी परत मोजल्याशिवाय पुढचा पाव फेरा देऊ नका. घट्ट करताना ए आणि डी या मधल्या तारा थोड्या सैल सोडल्या तर नटावरचा ताण कमी होतो.

इथलं सगळ्यात महाग नुकसान चुकीच्या ॲलन कीने (षटकोनी पान्याने) होतं. इंचाच्या खाचेत मिलिमीटरची की "बसते तर आहे" म्हणून घालतात, ती आत किंचित हलते आणि दोन-तीन वेळा फिरवल्यावर खाचेचे कोपरे गोल होतात. खाऱ्या हवेने नट आधीच गंजलेला असेल तर हे पहिल्याच फेऱ्याला घडतं. गिटारसोबत आलेली की जपून ठेवा. नट जोर लावूनही हलत नसेल तर तिथेच थांबा आणि जाणकार कारागिराकडे न्या. नट बिघडला तर दुरुस्ती होऊ शकते, पण आतला रॉड तुटला तर बहुधा मानच बदलावी लागते.

खरखर नेमकी कुठे येते ते ऐकून अर्ध्याहून जास्त निदान होतं. पहिल्या चार-पाच फ्रेटवर येते तेव्हा मान जास्त सरळ किंवा मागे वाकलेली असते. बाराव्याच्या पुढे येते तेव्हा सॅडल खाली असतात, किंवा मान फार पुढे वाकलेली असते. फक्त मोकळी तार खरखरते आणि दाबलेली स्वच्छ वाजते तेव्हा नटाची (मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी, ट्रस रॉडचा नट नव्हे) खाच खोल गेलेली असते. एकाच फ्रेटवर येते तेव्हा त्याच्या पुढचा फ्रेट उचललेला असतो. पावसाळ्यात फ्रेटची टोकं अशी सुटलेली सापडतात. आणि जी खरखर ॲम्पमधून ऐकूच येत नाही, तिच्यामागे लागू नका.

क्रम मोडू नका: नव्या तारा, सूर, मान, मग तारांची उंची, मग इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर खरा लागणं), शेवटी तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकअपची उंची. आधीची गोष्ट हलली की नंतरच्या सगळ्या हलतात, उलटं होत नाही. उंची सतराव्या फ्रेटवर मोजा: ई तारेखाली साधारण २.४ मिलिमीटर, जी तारेखाली २. तार जोरात ओढणाऱ्याने अर्धा मिलिमीटर वर ठेवावं. इंटोनेशनसाठी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने काढलेला स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे न्या, उतरलेला असेल तर पुढे आणा. जुन्या, गंजलेल्या तारांवर हे करू नका. त्यांचा सूर जागेवर राहत नाही, आणि तुम्ही तासभर सॅडल पुढे-मागे करत बसाल.

कुठे ठेवता

चिऱ्याची भिंत पावसात पाणी पिते. बाहेरच्या अंगाच्या भिंतीवर बास टांगली तर पाठीमागे आठवड्याभरात बुरशीचा पांढरा थर दिसतो. आतल्या भिंतीवर, किंवा त्याहून बरं म्हणजे लाकडी कपाटात ठेवा. कपाटात तळाला जुन्या पद्धतीचा झिरोचा बल्ब लावला, तर त्याच्या उबेने आतली हवा कोरडी राहते. एलईडीचा उपयोग नाही, तो पुरेसा तापत नाही. बल्ब गिटारपासून आणि कपड्यांपासून हातभर लांब असावा.

झिपच्या पिशवीत महिनाभर बंद ठेवणं ही त्याहून मोठी चूक. पिशवीच्या फोममध्ये ओल बसते आणि ती बाहेर निघायला वाट मिळत नाही. पिशवीतच ठेवावी लागली तर आत सिलिका जेलची पुडी टाका. निळे दाणे गुलाबी झाले की ते भरलेले असतात, गरम करून पुन्हा वापरता येतात. पण स्वयंपाकाच्या कढईत मुळीच भाजू नका, तो निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो. नारिंगी दाणे घेतलेले बरे.

आणि उघडीप मिळाली म्हणून बास खळ्यात आमसुलांसारखी वाळत घालू नका. कडक उन्हात वरचा थर एकदम सुकतो, आतला ओलाच राहतो, आणि लाकूड पिळतं. फॅनखाली सावलीत ठेवा.

तारा

समुद्रापासून दोन-चार किलोमीटरवर खिडकीचे गज गंजतात, तिथे तारा कशा टिकतील? गुंडाळीच्या फटींत घाम आणि मीठ बसतं, तार जड होते आणि आवाज मेणचट येतो. वाजवून झाल्यावर जुन्या पंचाच्या सुती तुकड्याने प्रत्येक तार चिमटीत धरून ब्रिजपासून नटापर्यंत पुसा, खालच्या बाजूनेही. एवढ्याने आयुष्य खूप वाढतं. साध्या निकेलच्या तारांपेक्षा कोटिंगच्या किंवा फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा इथे जास्त टिकतात. फ्लॅटवाउंडचा आवाज जाड आणि आखूड असतो, भजनाला तो शोभतो.

तारांना किंवा फिंगरबोर्डला खोबरेल चोळू नका. घरात असतंच, लाकूड चमकतं, म्हणून लावलं जातं. पण ते चिकट होतं, धूळ धरतं आणि कालांतराने खवट वास सुटतो. रोजवुडच्या फिंगरबोर्डला वर्षातून एक-दोनदा मिनरल ऑइलचे चार थेंब पुरतात. पॉलिश केलेल्या मेपलला तेल नकोच.

नवी तार बसवताना आधी कापून मग वाकवली, की ती हमखास मरते. आतली सळई आणि वरची गुंडाळी एकमेकींवर सरकतात आणि तार पहिल्या दिवसापासून बद्द वाजते. खुंटीच्या पुढे साधारण १०-१२ सेंटिमीटर तार मोजा, कापायच्या जागेच्या किंचित अलीकडे काटकोनात वाकवा आणि मग कापा. टोक खुंटीच्या मधल्या भोकात घालून दोन-तीन वेढे खालच्या दिशेने उतरवत न्या. नेहमीचा संच ४५, ६५, ८५, १०५ (जाडी, इंचाच्या हजारांशात) असा असतो. जाडी बदललीत तर मानेचं माप पुन्हा घ्यावं लागतं. आणि एक जास्तीचा संच घरात ठेवाच; चतुर्थीच्या आदल्या दिवशी ई तार तुटली तर ती जवळच्या दुकानात मिळेलच असं नाही.

पेटीशी सूर न जुळवणं

ट्यूनरवर हिरवा दिवा लागला म्हणजे सूर लागला, हे ऑर्केस्ट्रात खरं आहे. भजनात नाही. पेटीचे सूर ४४० हर्ट्झच्या ए ला धरून असतीलच असं नाही, आणि पेटी कार्यक्रमाच्या वेळी बदलता येत नाही. बदलायचं ते आपण. भाता एकसारखा चालू ठेवून पेटीची पांढरी सहा (सप्तकातली सहावी पांढरी, म्हणजे ए) वाजवा आणि ट्यूनर सुरांच्या पट्टीजवळ धरा. ए दाखवून काटा २० सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर गेला तर पेटी साधारण ४४५ वर आहे. ट्यूनरची आधाररेषा ४४५ करा आणि मग चारही तारा लावा. तेवढ्याशा फरकाने खालच्या सुरांत जो लाटांसारखा हेलकावा येतो, तो बुवांना नेमका कुठून येतो कळत नाही, पण गाताना खुपतो.

दुसरी चूक म्हणजे बुवांची पट्टी, म्हणजे त्यांचा सा, काळी एक (पेटीच्या सप्तकातली पहिली काळी) आहे म्हणून सगळी बास उतरवणं किंवा चढवणं. उतरवली तर तारा ढिल्या पडून फ्रेटवर आपटतात, चढवली तर मानेवर ताण येतो. पट्टी बोटांनी बदला. काळी एकचा सा ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर आहे, पांढरी एकचा तिसऱ्यावर, काळी दोनचा सहाव्यावर. काळी तीन ई तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, काळी चार चौथ्यावर, काळी पाच सहाव्यावर. सा कुठेही असो, ए तारेवरच्या सा च्या फ्रेटवरच शेजारच्या जाड तारेला खालचा पंचम असतो आणि शेजारच्या बारीक तारेला मध्यम. एवढं हाताला बसलं की पट्टीची भीती राहत नाही.

काळी एकच्या शुद्ध स्वरांत बासची एकही मोकळी तार येत नाही. ई, ए, डी, जी चारही बाहेरच्या. म्हणून चुकून घुमणारी तार इथे सर्वांत जास्त ऐकू येते. उजव्या हाताचा अंगठा एकाच जागी रोवून ठेवू नका. पातळ तार छेडताना तो शेजारच्या जाड तारेवर टेकवत सरकवा. डाव्या हाताची मोकळी बोटं बारीक तारांवर पालथी पडू द्या.

वीज

या एका गोष्टीत हयगय जिवावर बेतते. हम (स्पीकरमधली सततची गुणगुण) येतो म्हणून ॲम्पच्या तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची जाड पिन काढून टाकली जाते. हम जातो, पण बासच्या तारा ब्रिजमधून, केबलमधून ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. ती वाट तोडल्यावर ॲम्पमध्ये बिघाड झाला तर तारांवर २३० व्होल्ट उभे राहतात. पायाखाली मांडवातली ओली ताडपत्री, ओठ माइकच्या जाळीला, हात तारांवर. पिन काढू नका आणि दुसऱ्याला काढू देऊ नका.

हम कुठून येतो ते असं शोधा. बासचा आवाज शून्यावर न्या. तरी हम राहिला तर दोष केबल, ॲम्प किंवा मिक्सरकडे आहे. अंग फिरवलं की कमी-जास्त होत असेल तर तो सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीच्या) पिकअपचा. असे दोन पिकअप असलेल्या जॅझ बासवर दोन्ही पिकअपचे आवाज सारखे ठेवले की तो बराचसा मावळतो. ॲम्प आणि मिक्सर वेगवेगळ्या बोर्डांवर असतील तर दोन्ही एकाच बोर्डावर आणा. डीआय बॉक्स (बासचा सिग्नल मिक्सरला जोडणारी डबी) वापरत असाल तर त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण याच कामासाठी आहे. ते सिग्नलच्या अर्थिंगची वाट तोडतं, विजेच्या अर्थिंगची नाही. आपल्याकडच्या विजेचा ५० हर्ट्झचा हम ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरच्या स्वराच्या, ४९ हर्ट्झच्या, अगदी शेजारी पडतो. इक्वलायझरने तो कापायला गेलात तर बासचा गाभा जातो.

जनरेटरवर कार्यक्रम असेल तर सुरू होण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक माइकच्या जाळीला आणि एक बासच्या तारेला लावा. जवळपास शून्य यायला हवं. दहा-वीस व्होल्ट जरी दिसले तरी वायरमनला बोलवा. बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) असावा असा आग्रह मंडळाकडे धरा.

ॲम्पबाबत थोडक्यात: साध्या गिटारच्या ॲम्पमधून मोठ्याने बास वाजवली तर स्पीकरचा कागद फाटतो, ४१ हर्ट्झचा ई पेलायला तो बनवलेला नसतो. ॲम्पवर ४ ओहम लिहिलं असेल तर ८ ओहमचे दोनच स्पीकर जोडा, तिसरा नको. ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणाऱ्या) बासमध्ये केबल खोचलेली राहिली तर ९ व्होल्टची बॅटरी रात्रभरात उतरू लागते. आवाज फाटायला लागला की आधी तीच बदला.

डग्ग्यावर चढणं

बास आणि डग्गा एकाच मजल्यावर राहतात. केरवा तालात "धा गे ना ती, ना क धी ना" या आठ मात्रांत डग्ग्याचा घुमारा पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेला आहे. पाचवी ‘खाली’ (रिकामी मात्रा) आहे, तिथे तो मिटतो. आठही मात्रांना बास ठोकली की दोन्ही मिळून नुसता गलका होतो. पहिल्या मात्रेला सा धरा, चौथीला सोडा, खालीला गप्प राहा, सातवीला पंचम देऊन समेवर या. सोडताना बोट पूर्ण उचलू नका, दाब फक्त ढिला करा. तार बोटाखालीच शांत होते.